बैल नसलेली गाडी

"आवाज शे का?"

आमच्या हवालदार आबांचा हात कानामागे गेला, की समोरच्याने गप्प बसायचं. चहाचा फुरकासुद्धा मारायचा नाही. मग हात खाली येई. "हट्! मोटर शे कोणाची तरी." विहिरींवरच्या मोटारींनी आबांना छळलं, तेवढं चोरांनीही छळलं नसेल.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, कपाशीवर फवारणी करणाऱ्या विमानांची एक धावपट्टी ओस पडली होती. तिथे लहान विमानं उतरतात, नशेच्या गर्दची पुडकी टाकून जातात, असा वरच्यांना संशय. म्हणून आम्हा दोघांना तिथे बसवलं. मी वायरलेसवाला. आवाज आला की मी कळवायचं, मग वरून अडवायला विमान येणार. तोवर आमचं हत्यार म्हणजे आबांची काठी. आता तुम्हीच सांगा, काठीने विमान अडतं का?

आबांनी तोड काढली. शेजारच्या गावातल्या गाडीवानांना पटवलं. शिट्टी वाजली, की बैल जुंपून गाड्या पट्टीवर आडव्या लावायच्या. गाड्या कायमच्या तिथे ठेवल्या तर शेतीची कामं अडली असती. तालमीच्या दिवशी एक बैल पट्टीवर बसला तो उठेचना. आबा खूश. "हाऊ पक्का शिपाई शे!"

मी पोट धरून हसलो. आबाही हसले, मग डबा उघडता उघडता म्हणाले, "मन्हा पोऱ्या अमळनेरला शिकायला गेला होता भाऊ. गर्द ओढून परत आला. घरातली भांडी विकली त्याने. आता खोलीत घालून बाहेरून कडी लावतो." भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "एक पुडकं अडलं ना, कोणाचा तरी पोऱ्या वाचेल."

त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही.

विमान आलं ते नेमकं पोळ्याच्या दुपारी. आबांचा हात कानामागे गेला आणि तिथेच राहिला. मी वायरलेसवर ओरडून कळवलं. उत्तर आलं, "निरीक्षण चालू ठेवा." डोंबलाचं निरीक्षण! आबा शिट्टी फुंकत गावाकडे धावले, मी त्यांच्यामागे.

बैल सजून उभे होते. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. गाडीवान जागचे हलले नाहीत. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "आबा, काल याच खांद्यांना हळद-लोणी लावलं. आज त्यावर जू ठेवू?"

आबा शेतकऱ्याचं पोर. त्यांना काय समजवायचं? "बठ्ठं ठरवलं मी," ते पुटपुटले, "पोळा तेवढा विसरलो."

आणि त्यांनी एका गाडीचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दुसऱ्या बाजूला मी लागलो. काळ्या मातीत चाकं रुतली. आम्ही ओढतोय, घसरतोय, पुन्हा ओढतोय. समोर विमान उतरलं, पलीकडून जीप आली, पुडकी भरली, निघून गेली. विमानही गेलं. आम्ही अजून चिखलातच. आबा जू न टाकता रडत होते. मलाही रडू आवरलं नाही.

संध्याकाळी त्यांना घरी पोचवलं. खोलीची कडी उघडी होती. अक्का, त्यांची बायको, पुरणपोळीचं ताट घेऊन उंबऱ्यात बसलेल्या. "आज जनावरंसुद्धा मोकळी असतात हो. लेकराला कसं कोंडून ठेवू? जेवायला म्हणून सोडलं, आणि पळाला."

आबा एका शब्दाने रागावले नाहीत. "पोळा शे आज," एवढंच म्हणाले. अक्कांनी त्यांच्या सोललेल्या खांद्याला हळद लावली.

पोरगा परत आला नाही. आमची चौकी उठली, माझी बदली जळगावला झाली. कधी भेटायला गेलो, तर बोलता बोलता आबांचा हात कानामागे जाई. पण नजर आता आभाळाकडे नसे, दाराकडे असे. "आवाज शे का?" मी "नाही आबा," म्हणायचो.

आबा गेल्यावर अक्कांकडे गेलो. त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती, खिळ्यांची भोकं तेवढी होती.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच उपटली त्यांनी," अक्का म्हणाल्या. "पोऱ्या परत उना तर त्याला कडी दिसायला नको, म्हणाले."