कोणीच खोटं बोललं नाही

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण कुरुदच्या रस्त्यावरची ती केस मात्र अजून वेगळी आठवते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. गाडीनं सायकलवाल्याला उडवल्याची साधी फिर्याद होती. मी तेव्हा छत्तीसगढमधल्या भिलाईच्या त्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

जखमी माणूस पोलादाच्या प्लांटमधला ठेक्यावरचा मजूर. संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर सायकलनं घरी कुरुदला चालला होता. मागून पांढऱ्या गाडीनं धडक दिली आणि गाडी थांबली नाही. तो रस्त्याकडेच्या नालीत पडून राहिला. बऱ्याच वेळानं एका टेम्पोवाल्यानं त्याला पाहिलं आणि दवाखान्यात पोचवलं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात आम्हाला हेडलाइटच्या काचा मिळाल्या, बाकी काही नाही. नंबर कोणी पाहिला नव्हता. गुन्हा अज्ञात चालकावर नोंदवला. चौकात, चहाच्या टपरीवर लोक तावातावानं बोलत होते. सापडला तर सोडायचा नाही, अशी भाषा होती.

मग ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. हवालदारानं मला शब्दन् शब्द सांगितला, "चर्च में जो सबसे आगे खड़ा होकर गाता है, उसकी गाड़ी देखिए." फोन लगेच बंद झाला.

रविवारी मी साध्या कपड्यात त्या भागातल्या एकुलत्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो. छोटंसं चर्च, हिंदीतून प्रार्थना. पुढे उभा राहून गाणारा चाळिशीतला माणूस नोकरीत चांगल्या जागेवर होता, आणि गळा खरोखर गोड होता. प्रार्थनेनंतर शेजारच्या अनोळखी माणसानं माझा हात हातात घेऊन "शांती" म्हटलं. मी कोण, हे न विचारता. मला ते आवडलं आणि अवघडल्यासारखंही झालं.

त्या गायकाची गाडी पांढरीच निघाली, पण ती रायपूरच्या एका गॅरेजला 'सर्व्हिसिंग'ला गेली होती; तिथे माणूस पाठवला तोवर नवा दिवा बसला होता आणि गॅरेजवाल्यानं कानावर हात ठेवले. घटनेच्या संध्याकाळी आपण चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला होतो, असं तो म्हणाला. मी सराव करणाऱ्या सगळ्यांना एकेक करून ठाण्यात बोलावलं. तबला वाजवणाऱ्याचा जबाब मला नीट आठवतो.

"तो त्या दिवशी आला होता?"

"आला होता साहेब."

"कधी?"

"सराव चालू होता तेव्हा."

"सुरुवातीपासून होता?"

"तो कधी सराव चुकवत नाही."

"गाडीचा दिवा फुटलेला पाहिलात?"

"बाहेर अंधार होता साहेब."

सगळ्यांचे जबाब असेच. आयुष्यभर मी खोटं बोलणारे पाहिले. ते भरभर बोलतात, विचारलं नाही तेही सांगतात. इथे उलट होतं. प्रत्येक जण शब्द तोलून टाकत होता. खोटं बोलायचं नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं आणि ते पाळतही होते. फक्त खरं सांगत नव्हते. मला राग येण्याऐवजी कुतूहल वाटायला लागलं. एवढी कसरत करण्यापेक्षा सरळ खोटं सोपं नव्हतं का?

त्यांच्या पास्टरलाही बोलावलं. माझ्याच वयाचा, थकलेला माणूस. खुर्चीवर बसताच म्हणाला, "साहेब, मला कोणी विश्वासानं काही सांगितलं असेल तर मी ते तुम्हाला सांगणार नाही. पण त्याला मी काय सांगितलं, ते विचारा."

"काय सांगितलंत?"

"की ठाण्यात जा."

"मग तो आला का नाही?"

"तो घाबरलाय. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच घाबरलोय. चूक एकाची होईल, पण बोट आमच्या सगळ्यांकडे दाखवतील. चर्चच्या दारावर दगड यायला कितीसा वेळ लागतो?"

ही भीती खोटी नव्हती. बाहेरचं वातावरण मला माहीत होतं. पण दवाखान्यात त्या मजुराचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता, आणि त्याची बायको रोज ठाण्यात येऊन आमच्याकडे नुसती बघत बसायची. मी पास्टरला तेवढंच सांगितलं. तो मान खाली घालून निघून गेला.

गायकाच्या घरी त्याची म्हातारी आई होती, निवृत्त नर्स. महिला शिपाई बरोबर घेऊन मी दुपारी तिच्याकडे गेलो. मुलगा कामावर होता. मी हिंदीत सुरुवात केली. तिनं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"तुमी कोनत्या गावचे?"

"आर्वीचा, आई."

"मी वर्ध्याची. मंग मराठीतच बोला. हिंदीत मले टाळता येते, मराठीत नाई टाळता येत."

तिनं आम्हाला पाणी दिलं आणि समोर बसली. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "त्या मानसाचा पाय वाचला का?"

"नाही. कापावा लागला."

"किती वेळ पडून होता?"

"बराच वेळ. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर कदाचित..."

"मले नका सांगू. जलमभर तेच काम केलं मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोरगा त्या दिवशी घरी आला तं म्हने, कुत्रं आडवं आलं. मी बाहेर जाऊन गाडी पाह्यली. बंपरले निया कापडाची चिंधी अटकली होती. कुत्र्याच्या अंगावर शर्ट रायते का साहेब?"

"चिंधीचं काय केलं?"

"जाळाले घेतली होती. जाळवली नाई." ती आत गेली आणि देवघरासारख्या एका कोनाड्यातून कागदाची पुडी घेऊन आली. "तो सोताहून तुमच्याकडं जाईल म्हनून मी रोज प्रार्थना करून राह्यली होती. आता वाटते, प्रार्थना करून राह्यली होती का लपून राह्यली होती?"

मजुराच्या फाटलेल्या निळ्या शर्टाशी ती चिंधी जुळली. जप्ती झाली, रायपूरच्या गॅरेजमधून फुटलेला दिवाही मिळाला. मी गायकाला बोलावलं तेव्हा त्यानं टेबलावरची चिंधी पाहिली आणि विचारलं, "आईनं दिली?" मी हो म्हटल्यावर तो रडला नाही, उलट खांदे सैल सोडून बसला. सरावाला उशीर झाला म्हणून गाडी जोरात चालवत होता. धडक बसल्यावर आरशात माणूस पडलेला दिसला. तो तसाच चर्चला गेला आणि शेवटपर्यंत गायला.

"गायलात कसे?" मी विचारलं. हा प्रश्न जबाबात लिहायचा नव्हता.

"तेच मला कळत नाही साहेब," तो म्हणाला. "आवाज नेहमीसारखाच लागला."

अटक, जामीन, आरोपपत्र, सगळं रीतसर झालं. पुढे कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. पास्टरनं अटकेनंतरच्या रविवारीच भर चर्चमध्ये सांगितलं की आपण सगळे गप्प बसलो, मीही त्यात होतो. दगड आले नाहीत. काही कुटुंबांनी मात्र म्हातारीच्या बाकावर बसणं सोडलं. पोटच्या पोराला तिनं धरून दिलं, असं त्यांचं म्हणणं. सुनेनंही तिच्याशी बोलणं टाकलं.

म्हातारी दवाखान्यात गेली तेव्हा मजुराच्या बायकोनं तिला वॉर्डाबाहेर काढलं. "काबर आए हस?" म्हणजे कशाला आलीस, असं ओरडली. म्हातारी बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली. त्याला घरी सोडल्यावर कुरुदला जाऊन जखमेची पट्टी बदलायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. तिला स्कूटरवर मागे बसवून तिथे नेणारा माणूस होता तोच तबलेवाला. त्याला कोणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. फोन करणारी बाई त्यांच्यातलीच असणार; ती कोण, हेही मी शोधलं नाही.

मजुराचा पुरवणी जबाब घ्यायला गेलो तेव्हा म्हातारी त्याची पट्टी बदलत होती. मी त्याला विचारलं, माफ केलंस का त्यांना? तो छत्तीसगढीत म्हणाला, "माफ नइ करे हंव साहेब. फेर दाई के हाथ हल्का हे." माफ केलेलं नाही, पण म्हातारीचा हात हलका आहे. तिनं ते ऐकलं आणि पट्टी बांधत राहिली.

परत निघताना मी तिला माझ्या मनातलं विचारलं. "आई, तुमच्या धर्मात सांगितलंय तसं खरंच किती लोक वागतात?"

"मले काय माहीत? मी सोताच तं गप होती. तुमी त्या दुपारी आले नसते तं मी चिंधी घेऊन ठान्यात आली असती का? लय विचार करते, पन अजून उत्तर भेटलं नाई."

त्या केसनंतर 'हे लोक कसे असतात' असं एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल कोणी विचारलं की मी उत्तर देत नाही. एकाच बाकावर बसणारे, एकच शिकवण ऐकणारे लोक मी पाहिले. एक पळाला, काही गप्प बसले, एकीनं फोन केला, एकीनं चिंधी जपली, आणि गप्प बसलेल्यांतलाच एक पुढे स्कूटर घेऊन आला. दुसऱ्यांबद्दल छातीठोक सांगणारे हजारो साक्षीदार मला भेटले. स्वतःला तोच प्रश्न विचारून 'माहीत नाही' म्हणणारी ती एकटीच. माझा सर्वांत जास्त विश्वास तिच्याच जबाबावर बसला.