सासूबाईंचे गुडघे आणि पनवेलची खाडी

पुण्याहून आमची एस.टी. निघाली तेव्हा माझ्या मांडीवर रबराची पिशवी होती आणि डोक्यात वीस वर्षांचं अर्धवट शहाणपण. सासूबाईंच्या गुडघ्यांना शेक द्यायचा म्हणून लोणावळ्याला चहावाल्याकडून गरम पाणी भरून घेतलं, पण बूच काही नीट लावलं नाही. घाटाच्या पहिल्याच वळणावर सगळं पाणी शेजारच्या गृहस्थांच्या धोतरावर. ते बिचारे खोपोलीपर्यंत उभ्यानेच आले.

सासूबाईंचं दुखणं जुनं होतं. डॉक्टर झाले, लेप झाले. सगळ्यांनी ‘विश्रांती घ्या’ म्हणून त्यांना खाटेला चिकटवून टाकलं होतं. आणि तोंडावर धाकट्या वन्संचं लग्न! कन्यादानाला मामंजींशेजारी पाटावर मांडी घालून बसायचं, एवढाच त्यांचा ध्यास. मांडी घातली की मात्र त्यांना उठता येत नसे. मला आपलं वाटायचं, हे सारं सुनेला राबवून घ्यायचं ढोंग. काय पण माझी अक्कल!

पनवेलचे वैद्यबुवा नावाजलेले. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, सासूबाई कुठे कण्हतात ते ऐकलं आणि म्हणाले, “माई, हे दुखणं समूळ जाणार नाही. खोटं कशाला सांगू? पण याला घेऊन चालता येईल.”

“आणि बसता?” सासूबाईंनी विचारलं.

“बसा की. उठायचं कसं ते शिकावं लागेल.”

तेल दिलं, शेक सांगितला आणि खाट सोडून रोज संध्याकाळी खाडीपर्यंत चालायला लावलं.

आम्ही एका ओळखीच्या घरी उतरलो होतो. तिथे तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड आलेल्या सोललेल्या वालांची उसळ) मी इतकं हादडलं की खाडीपर्यंत चालताना धाप मला लागे, सासूबाईंना नाही. त्या थांबत, ओठ आवळत, पुन्हा निघत.

खाडीकाठी मिठागरं. मिठाचे ढीग उन्हात असे लखलखत की डोळे मिटावेत. पलीकडे कर्नाळ्याचा सुळका. मी बघतच राहिले. पण खरं बघण्यासारखं होतं ते बांधावर. मिठागरातल्या दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसलेल्या. त्यांनी पायांच्या तळव्यांना तळवे लावले, एकमेकींची मनगटं धरली, “हां, चल गो!” म्हटलं आणि दोघी एकदम उभ्या राहिल्या.

सासूबाई जागच्या जागी थबकल्या. “तुमचे गुडघे दुखत नाहीत?”

“दुकतान तं! रोज दुकतान,” एक हसली. “येकलीला उठवत नाय, म्हनून दोगी मिलून उठतो. बस गो बाय, तुला पन उठवतं.”

“नको, नको! त्यांना झेपायचं नाही,” मी मध्येच.

“तुला कोन इचारतंय? तुजं गुडघं हायेत का?”

सोवळ्याओवळ्यात कडक असलेल्या माझ्या सासूबाई त्या चिखलात बसल्या. नऊवारीची पर्वा नाही. पायांच्या, मिठाने भेगाळलेल्या त्या तळव्यांना त्यांनी आपले तळवे लावले, मनगट धरलं. पहिल्यांदा अर्ध्यातून खाली आल्या. दुसऱ्यांदा मात्र चेहरा कळवळलेला, डोळ्यांत पाणी, आणि उभ्या! मग त्या खदखदून हसल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी बांधावर नुसती आ वासून उभी.

पुण्यात परतलो. सासूबाईंनी ओटीवर पाट मांडला आणि बसल्या. मी धावले, तर म्हणाल्या, “तू सरक.” आणि वर्तमानपत्रात बुडालेल्या मामंजींना, सुनेच्या देखत, “इकडून जरा हात मिळेल का?”

मामंजींनी चष्मा काढला, कोण कोण बघतंय ते पाहिलं. कानापर्यंत लाल झाले. पण आले, आणि मनगट धरलं. त्यांचेही गुडघे कटकन वाजले. तोपर्यंत त्यांच्या दुखण्याची घरात कुणाला वार्ता नव्हती.

आता गुडघे माझेही बोलतात, म्हणून लग्नातला तो क्षण रोज आठवतो. कन्यादान झालं. सासूबाई पूर्ण वेळ मांडी घालून बसल्या होत्या. दुखत होतंच, ओठ आवळलेले मला दिसत होते. भरल्या मांडवात मामंजींनीच वळून मनगट पुढे केलं आणि हळूच म्हणाले, “चला.”