सातव्या कोठीतली पोरगी

आत्याबाई अंगणात बाजेवर पडून होत्या आणि आत त्यांच्या खोलीत कुदळीचे घाव पडत होते. आमची शेवटची भेट ती. मार्गशीर्षातली थंडी, अंगावर दोन गोधड्या, तरी हात गारच. मी ते चोळत बसले होते. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "अजून खोदूनच राहिले काय वं?" मी हो म्हटले. "खोदू दे. राक्षस घरी नाई म्हणून सांग त्याईले." आणि हसल्या. मला हसू आले नाही. महिना उलटून गेला, घरातले सगळे आपापल्या कामाला लागले, पण माझा राग जागचा हलत नाही. बोलून दाखवायची मला सवय नाही, म्हणून लिहिते आहे. हे कोणाला दाखवायचे नाही.

आत्याबाई माझ्या सासऱ्यांची बहीण. तेल्हाऱ्याला दिलेली, नवरा गेल्यावर अकोल्याला भावाकडे परत आल्या आणि मागची खोली त्यांची झाली. काम एकच, रेच्याशी, त्या लाकडी चरकाशी, बसायचे आणि कापसातली सरकी वेगळी काढायची. रेचा कुरकुरत राही आणि त्या कुरकुरीवर गोष्ट चाले. मी अमरावतीची, पंतोजींची मुलगी. वडिलांनी भावाच्या पाटीवर मला चौथीपर्यंतचे शिकवले, पण चारचौघांत तोंड उघडायचे काही मला जमले नाही. सासरी आले तेव्हा बायका म्हणाल्या, सून मुकी दिसते. आत्याबाई म्हणाल्या, "मुकी तं मुकी. मले कान पायजेत, तोंड माह्यं हाये." मी त्यांच्या शेजारी बसून कापूस निवडत ऐकत असे.

त्यांची आवडती गोष्ट राक्षसाची. डोंगरापलीकडे राक्षसाचे घर, घरात एकामागे एक सात कोठ्या. पहिलीत चांदी, दुसरीत सोने, मग मोती, माणके, असे करत सहा कोठ्या भरलेल्या, आणि सातव्या कोठीत एक पोरगी कोंडलेली. गोष्ट त्या पोरीची होती. कोठ्या नुसत्या वाटेत लागत.

मग कुठे समुद्रापलीकडे लढाई पेटली, तिकडचा कापूस येईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. काय दिवस होते ते! बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांनी कधी गावची वेस ओलांडली नव्हती ती माणसे अमरावतीच्या बाजारातला सकाळचा भाव संध्याकाळी अकोल्यात सांगू लागली. आणि सगळ्यांना एकच खोड लागली... जे दिसेल त्याची किंमत करायची. पिंपळाची, देवळाच्या घंटेची, दुसऱ्याच्या बायकोच्या नथीची.

एके दिवशी थोरल्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, गोष्ट मध्येच थांबवली. "आत्या, थांब. त्या सोन्याच्या कोठीत सोनं किती?"

"आता मी काय तराजू घेऊन गेलती काय रे?"

"मंग कोठी केवढी, ते तं सांग."

आत्याबाईंनी इकडेतिकडे पाहिले. त्यांच्या खोलीखाली जुने पेव होते, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचे. जमिनीत खोल खणून त्यात ज्वारी भरून ठेवत. पुढे ते बुजवून वरून सारवले होते. त्यांनी पायाने जमिनीवर थाप दिली. "ह्या पेवाएवढी धर."

झाले. भाऊजींनी ओसरीवर बसून हिशेब केला. पेवात ज्वारी इतकी मावते, तर सोने किती, आणि आजच्या भावाने त्या सोन्याचा कापूस किती खंडी. दुसऱ्या दिवशी अमरावतीचा एक दलाल घरी आला होता, त्याला ते इतके आवडले की तोही हिशेबाला बसला. पुढे रोजचाच खेळ झाला, आत्याबाईंना रेच्यासकट ओसरीवर आणून बसवत. कापसाचा भाव चढला की राक्षसाच्या सोन्यात कमी खंड्या येत, मग ओसरीवर ओरडा होई, "राक्षस आज उतरला रे!" दलाल म्हणे, "अजून थोडा भाव चढू द्या, तुमच्या वावरात राक्षसाले सालदार ठेवू!" आत्याबाईही आधी हसत. एकदा कोणी विचारले, हसली की मोती सांडणाऱ्या राजकन्येची किंमत काय? त्या म्हणाल्या, "रोज हसली तं काईच नाई. बोरासारखे टोपल्यानं विकतीन मोती. तिले म्हणा, जरा रडत जाय." सगळी ओसरी हसली. त्या दिवशी त्या खुशीत होत्या, मला आठवते.

पण राक्षसाची गोष्ट पुढे जाईना. सहावी कोठी मोजून झाली की माणसे उठत. आत्याबाई रेचा थांबवून हाका मारत, "अरे, बसा ना! पोरगी अजून कोंडूनच हाये!" दलाल जोडे घालता घालता म्हणे, "तिची काय किंमत लावता, आत्याबाई? नुसतं खानारं तोंड ते." एकदा त्या चिडून म्हणाल्या, "कावून रे, तुमाले कोनाले तिची कीव नाई येत?" त्यावरही हसलेच. त्यानंतर त्यांनी ओसरीवर गोष्ट सांगणे सोडले. मलाही तिचा शेवट ऐकायला मिळाला नाही. मी विचारले की म्हणत, "सांगीन. उजेडात बसून, नीट."

लढाई संपली. भाव असा पडला की चढलेला कधी होता की नाही असे वाटावे. भाऊजींनी चढ्या भावात घेऊन ठेवलेला कापूस घरातच राहिला. शेंब्या उतरल्या. आत्याबाई आजारी पडल्या, आणि त्याच सुमारास तो दलाल पुन्हा आला. बाहेर काय कुजबुज झाली कोणास ठाऊक. पण ज्या बाईने दोन वर्षे कोठ्यांचे माप इतके बिनचूक दिले, जिने पहिल्याच दिवशी पेवाच्या जमिनीवर पाय आपटून दाखवला, तिने ते पाहिले असल्याशिवाय का सांगितले असेल, असे त्यांचे ठरले. तेल्हाऱ्याहून येताना तिने काही आणले असेल. राक्षसाचे नाव सांगते, माल तिचाच.

भाऊजी खोलीत येऊन विचारू लागले. आत्याबाईंना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा त्या उठून बसल्या. "अरे लेका, मी माप सांगतलं. माल नाई सांगतला!"

"माप कोनी उगीच सांगते काय, आत्या?"

त्यांना बाजेसकट उचलून अंगणात ठेवले. उचलणाऱ्यांत हेही होते, माझे घरचे. "संध्याकाळपर्यंत होईल, मग आत घेऊ," असे हे मला म्हणाले. आत्याबाईंचे मागणे एकच होते, माह्या खोलीत न्या. पाणीसुद्धा मागितले नाही, तेवढेच मागितले. पेव उघडले. आत काळी पडलेली ज्वारी निघाली, आणि असा कुबट वास की खणणारे तोंडाला धोतर लावून बाहेर पळाले. त्या वासात आजारी माणूस आत नेता येईना. खोली त्यांची, आणि त्या अंगणात.

तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले. "उजेड हाये अजून. ऐक." आणि गोष्ट सांगितली. पोरीने दार उघडे पाहिले. बाहेर यायचे तर सहाही कोठ्यांतून चालत यायचे. राक्षस धनावर झोपलेला, काही वाजले की जागा होणार. पोरीने एका मोत्यालाही हात लावला नाही. स्वतःच्या पायातले पैंजणही काढून तिथेच ठेवले, आईने दिलेले, आणि मोकळ्या पायांनी निघून आली... "लोक म्हंतीन, येडी होती," आत्याबाई म्हणाल्या. "म्हनू दे." पहाटे त्या अंगणातच गेल्या.

तेरावा झाला आणि भाऊजींनी मला ओसरीवर बोलावले. दलाल बसलाच होता. आमच्याकडे सून थोरल्या दिरासमोर बोलत नाही. मी दाराआड उभी राहिले, हे शेजारी. भाऊजी म्हणाले, "शेवटी तूच जवळ होती. काय बोलली आत्या?"

मी यांच्या कानाशी सांगितले, यांनी मोठ्याने सांगितले, "पैंजण काढून ठेवले म्हने."

दलाल उठून उभाच राहिला. "पैंजण! कुठी ठेवले?"

मी दाराआडून बाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण आवाज माझाच होता, मलाही तो अनोळखी वाटला. "राक्षसाच्या घरी," मी म्हटले. "तुम्हांला वाट माहीत आहे."

आणि वळून आत गेले. नंतर अमरावतीला माहेरी गेले, तर पाणी प्यायच्या आधी माझ्या सख्ख्या भावाने विचारले, "अक्का, खरंच काही निघालं का गं?" तिथून दुसऱ्याच दिवशी परत आले.

पेव पुन्हा मातीने भरले आहे. मी वरून सारवते, पण माती बसत राहते आणि तिथे खळगा पडतो. आत्याबाईंचा पाट नेमका तिथेच असे, रेच्यापुढे. आता तो डुगडुगतो. हे म्हणाले, पाट जरा सरकव. मी सरकवत नाही. रोज त्याच पाटावर बसून रेचा फिरवते, आणि कुरकुर सुरू झाली की गोष्ट सांगते, ऐकायला कोणी नसले तरी. सहा कोठ्यांत काय होते ते मी सांगत नाही. माझी गोष्ट सातव्या दारापासून सुरू होते.