पेणहून नेलेली कॉमिक्स

लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि वऱ्हाडाची एसटी रोह्याकडे तोंड करून उभी राहिली. माझी पत्र्याची ट्रंक टपावर चढवायची होती. माझा धाकटा भाऊ दिनेश पुढे आला आणि त्यानं ती एकट्यानं खांद्यावर घेतली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, अंगानं अगदी काडी. मागच्या शिडीवर चढताना त्याचा पाय लटपटला.

"ताई गो, काय भरलंयस काय हिच्यात?"

"भांडी हायत," मी म्हणाले.

त्यानं ट्रंक वर ठेवली, दोरीनं आवळली आणि खाली उतरून हात झाडले. आई पदर तोंडाला लावून म्हणत होती, "जपून ऱ्हा गो शोभे." अप्पा उगाचच चष्मा पुसत होते. सगळ्या बायका माझ्या रडण्याची वाट बघत होत्या, पण मला रडू येईना. माझं लक्ष टपावरच्या दोरीत अडकलं होतं. ट्रंकेत चार साड्या होत्या आणि साड्यांखाली एकशे सत्तावीस कॉमिक्स. त्यांतली निम्मी दिनेशची होती. मी त्याला विचारलं नव्हतं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. पेण ते रोहा हा तासा-दीड तासाचा रस्ता, आणि रोहा ते कॅनडातलं सार्निया हा अर्ध्या पृथ्वीचा. पण खरं सांगायचं तर माझी अस्वस्थता दुसऱ्या प्रवासात सुरू झाली नाही. ती त्या एसटीच्या टपावर सुरू झाली. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांनी काय काय न विचारता उचलून आणलं ते ज्याचं त्याला माहीत. मी माझं सांगते.

आमचे अप्पा पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. मूर्ती ट्रकात भरताना भोवती पेंढा आणि रद्दी कोंबतात. ती रद्दी मुंबईहून गठ्ठ्यांनी यायची. जुनी वर्तमानपत्रं, परीक्षेच्या वह्या, आणि कधीमधी श्रीमंतांच्या पोरांनी टाकून दिलेली कॉमिक्स. पहिलं मला सापडलं. मुखपृष्ठावर एक पाणबुड्या होता, हातात सुरी, आणि पायाला विळखा घातलेला भलामोठा अष्टपाद. दिनेश शेजारी पेंढ्यावर बसला होता. आम्ही दोघांनी ते तिथंच, डोक्याला डोकं लावून वाचून काढलं.

कारखान्याचे मालक सरळ माणूस होते. म्हणाले, "न्यायचं तर न्या, पण तेवढ्याच वजनाची रद्दी आणून टाका." मग आम्ही आळीत घरोघर फिरून वर्तमानपत्रं मागायचो. तागडीच्या एका पारड्यात कागद आणि दुसऱ्यात कॉमिक. पारडी बरोबर येईपर्यंत दिनेशला श्वास घेता यायचा नाही. घरी आणल्यावर पहिल्या पानावर तो पेन्सिलनं लिहायचा: शोभा, दिनेश, पेण. माझं नाव आधी, कारण मी मोठी.

भिंतीतल्या फडताळात आई वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला कडुलिंब ठेवायची. पाऊस सरला की एक दिवस सगळी कॉमिक्स अंगणात उन्हाला पडायची, प्रत्येकावर एक दगड. आईला वाचता येत नव्हतं, पण कुठलं कॉमिक दमट झालंय हे तिला बोटानं कळायचं. दिनेश काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसायचा. दहावीनंतर अप्पांनी त्याला शेजारी बसवून ब्रश हातात दिला. तेव्हापासून संध्याकाळी रंगाचे हात धुतले की तो फडताळ उघडायचा. दिवसभरात त्याचं स्वतःचं असं तेवढंच होतं. हे मला माहीत होतं. तरीही मी ट्रंक भरली.

का भरली? मी स्वतःला सांगायचे, पहिलं कॉमिक मला सापडलं, रद्दी मागायला आळीत तोंड मी वाजवायचे. त्या घरातलं दुसरं काहीच मला माझं म्हणून नेता येणार नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांतलं एकही पुरेसं नाही.

रोह्याला आमच्या दोन खोल्या होत्या. माझे यजमान सुधीर धाटावला रसायनांच्या कंपनीत होते, आठवड्याला शिफ्ट बदलायची. सासूबाई शेजारणीला हसत सांगायच्या, "सून काय घेऊन आली, तर रद्दी!" पहिल्याच पावसाळ्यात कॉमिक्सना वास यायला लागला. सुधीरनी कंपनीतून जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, मी त्यांत सगळी कॉमिक्स भरून तोंडं घट्ट बांधली आणि मोठं शहाणपण केल्यासारखी निर्धास्त झाले. दसऱ्याला उघडलं तर आत घाम सुटून पानांवर पांढरी बुरशी. दोन आठवडे मी एकेक पान कोरड्या फडक्यानं पुसत होते. आई जवळ असती तर बोट लावून पहिल्या दिवशीच म्हणाली असती, कोंडू नको गो. पण तिला विचारायचं कसं? ती मी आणलीत हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

माहेरी जायचे तेव्हा मी त्या फडताळाकडे बघत नसे. दिनेशनं कधी विषय काढला नाही. दर भाऊबीजेला तो रोह्याला यायचा, चहा प्यायचा, खाटेवर बसायचा. खाटेखाली पोत्यात कॉमिक्स. मी सारखी उठून आत-बाहेर करायचे.

मग सुधीरना सार्नियात काम लागलं. तिथंही कंपन्याच कंपन्या, नदीकाठी धुराडी. वारा फिरला की धाटावसारखाच वास यायचा आणि मला क्षणभर कळायचं नाही मी कुठं आहे. कॉमिक्स इथंही आली, कपड्यांच्या घड्यांमध्ये लपून. घर घेतल्यावर ती आधी बेसमेंटमध्ये ठेवली. तिथं ओल. ओल शोषणारा डिह्युमिडिफायर आणला, तर त्याची घरघर मला वर झोपू देईना. मग बेडरूमच्या क्लोझेटमध्ये. मग जिन्याखाली. मग तिथून हीटरची हवा लागते म्हणून परत बेसमेंट. मुलगी म्हणायची, "आई, त्यांना एकदा कुठंतरी सेटल होऊ दे." मी म्हणायचे, हो, या वीकेंडला.

मुलगी शाळेत रुळल्यावर मी एका फ्रेमच्या दुकानात कामाला लागले. तिथं शिकले की साधा पुठ्ठा कागद पिवळा करतो, ऊन रंग खातं, चिकटपट्टी पानाला मारते. आम्लविरहित पुठ्ठे आणले, एकेका कॉमिकला पारदर्शक जाकीट केलं. बारा निवडक कॉमिक्स ऊन अडवणाऱ्या काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलच्या भिंतीवर लावली. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कोणी विचारलं की मी पेणच्या रद्दीची गोष्ट रंगवून सांगायचे. त्या गोष्टीत एकच मुलगी असायची.

दुकानात जुन्या कागदाचा शौकीन असलेला एक ग्राहक यायचा. त्याला एक दाखवलं, तर म्हणाला, सुंदर आहे, पण आत पेन्सिलनं नावं आहेत, त्यामुळं किंमत कमी धरतात. त्या हिवाळ्यात मी मऊ खोडरबर घेऊन बसले. रोज तीन-चार. हलक्या हातानं, कागद न दुखवता. शोभा, दिनेश, पेण. तिन्ही शब्द. शेवटच्या कॉमिकवर खोडरबर टेकवलं आणि माझा हात थांबला. तोवर एकशे सव्वीस झाली होती.

गेल्या जानेवारीत दिनेशच्या मुलीचं लग्न होतं. मी बाराही फ्रेमा उघडल्या, सगळी कॉमिक्स एका बॅगेत भरली आणि पेणला गेले. आई आणि अप्पा आता नाहीत. दिनेशनं घरापुढच्या पडवीत स्वतःचा छोटा कारखाना केलाय. पांढऱ्या कच्च्या मूर्तींच्या रांगा, आणि मधे स्टुलावर तो, नाकावर अप्पांसारखाच चष्मा. मी त्याच्यासमोर बॅग उघडली.

त्यानं हळूच एक उचललं, जाकिटातून काढलं. त्याच्या बोटांना गुलाबी रंग होता.

"अरे, हात!" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं कॉमिक जसंच्या तसं बॅगेत ठेवलं.

"घेऊन जा तुझी भांडी," तो म्हणाला.

मी खालीच बसले. म्हटलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"भांडी वाजतात, ताई. शिडी चढताना ट्रंकेतनं एक आवाज आला नाय. मी तिथंच वळखलं."

"मग चढवलीस कशाला?"

"तुझं लगीन होतं. चार लोकांत उतरवून उघडायची होती काय?"

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." त्यानं ब्रश पाण्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "आईला सांगितलं, उंदरांनी कुरतडली, मी जाळून टाकली. आठ दिवस धड बोलली नाय ती माझ्याशी. एवढं वेखंड घालून उंदीर आलेच कसे, म्हणायची."

हे मला माहीत नव्हतं. आई माझ्यावर कधीच रागावली नाही, हे मी आयुष्यभर कौतुकानं सांगत आले होते.

आता काही लपवायचं नाही, असं ठरवून मी म्हणाले, "दिनेश, आतली नावंसुद्धा पुसली मी. नाव असलं की तिकडं किंमत कमी धरतात."

"कोण धरतात?"

मी एकही विकलं नव्हतं, विकणारही नव्हते. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढची मूर्ती ओढून घेतली.

लग्न पार पडलं. त्यानं मला मानाची साडी दिली, पंगतीत आग्रह केला, पण बोलणं कामापुरतंच. त्याची बायको सुषमा दोनदा म्हणाली, "काय झालंय ओ तुमच्यात?" मी घरभर फिरत होते. बॅग कधी कॉटखाली, कधी कपाटावर.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो आखणीला बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, वाच."

"काय?"

"माझे हात रंगाचे हायत. तू वाच."

मी पाणबुड्या काढला आणि मोठ्यानं वाचायला लागले. चित्रांत काय आहे तेही सांगत गेले. अष्टपादाच्या पानावर तो म्हणाला, "त्याचा एक डोळा चुकलाय. तेव्हाच दिसलेलं मला." दुपारपर्यंत सात कॉमिक्स झाली. सुषमा दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा तो गार झाला. मधेच मी "माफ कर" म्हणाले असावे. तो म्हणाला, "पान उलट."

बॅग मी तिथंच ठेवली. ओल येईल, रोज उघडझाप करू नको, असं दहा वेळा सांगितलं. पेणच्या पावसाला यंत्र लावून सुकवायचं काय, असं विचारून तो हसला. ती कॉमिक्स तिथं फार टिकणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. काही वर्षं. तरीही ठेवली.

सार्नियात आता बारा रिकाम्या फ्रेमा आहेत. सुधीर म्हणतात, "आता तरी एका जागी बसशील." नाही बसत. फिरायची सवय हाडांत गेली आहे. तुमचं घर कुठलं, असं इथं कोणी विचारलं की पूर्वी मी पटकन पेण म्हणायचे, आणि मनातून वाटायचं, कोणत्या तोंडानं म्हणतेस? आता उत्तर द्यायला जरा वेळ लागतो, पण जीभ अडखळत नाही. माझ्यावर रागावायचा हक्क असलेला माणूस जिथं बसलाय, ते घर. एवढंच मला सांगता येतं.

परवा सकाळी सात वाजता मी चहा टाकत होते, तर दिनेशचा व्हिडिओ कॉल. फोन रंगाच्या डब्यांना टेकवून ठेवलेला. तिकडं संध्याकाळ होत आलेली.

"पाणबुड्याच्या तिसऱ्या भागाची शेवटची दोन पानं नायत," तो म्हणाला. "गुहेत अडकलाय गडी, पाणी छातीवर आलंय. पुढं काय होतं गो?"

मी सांगायला सुरुवात केली. गुहेच्या छताला फट असते, तिथून एक दोर खाली येतो, वर कोणीतरी असतं... आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मला आठवत नाहीये. कदाचित ती पानं आमच्याकडे कधी आलीच नव्हती.

दिनेशनं ब्रश थांबवला. "हे छापलेलं नाय. हे तू बनवतेस."

"व्हय."

तो हसला आणि पुढच्या मूर्तीचा चेहरा स्वतःकडे वळवून घेतला.

"बनव मग. सावकाश बनव. अजून सतरा मूर्ती बाकी हायत माझ्या."