तळ न विचारता निवडलेला नांगर

सलीमभाईंनी रंगाची जुनी बादली माझ्या टेबलावर आदळली. आत काँक्रीट भरलेलं, मधोमध सळईचा तुकडा वर आलेला.

“गायकवाड साहेब, याला फक्त एक मजबूत कडी वेल्ड करून द्या. मागचा नांगर तयार.”

“हा नांगर नाही,” मी म्हणालो. “नुसतं वजन आहे. चिखलावरून घसरत जाईल.”

माझं वर्कशॉप वाळूजला, घर बजाजनगरात. त्याआधी पंधरा वर्षं कोकणातल्या एका बंदरात वर्कबोटींच्या मेंटेनन्सला होतो. त्यामुळे इकडं कुणाचं होडीचं काही अडलं की फोन मला येतो. वर्षातून दोनदा.

सलीमभाई सिल्लोडचे, कापसाचे व्यापारी. सोळा फुटी फायबरची जुनी होडी त्यांनी घेतली होती ती वडिलांसाठी. त्यांना सगळे चाचा म्हणतात, वय ऐंशीच्या पुढं. तरुणपणापासून गळ टाकून मासे धरायचा नाद, पण आता गुडघे गेलेले. काठाच्या उतारावर बसणं जमत नाही. म्हणून दोघांनी धरून होडीतल्या खुर्चीत बसवायचं आणि गावाजवळच्या तलावात न्यायचं. पण होडीला नांगर एकच, पुढच्या टोकाला. वारा फिरला की होडी त्याच्याभोवती गोल फिरायची. गळाच्या दोऱ्या गुंतायच्या, चाचांना गरगरायचं.

यावर उपाय स्टर्न अँकर, म्हणजे मागच्या बाजूचा दुसरा नांगर. होडी धरून ठेवायचं मुख्य काम पुढच्याचं. मागच्यानं फक्त शेपूट हलू द्यायचं नाही. म्हणून तो हलका चालतो, पण रुतणारा हवा.

मी कॅटलॉग उघडला आणि घडीचा ग्रॅपनेल निवडला. चार आकड्यांचा, छत्रीसारखा मिटणारा. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असतो, त्याचा थोरला भाऊ. लहान होडीत जागा कमी, हा मिटून सीटखाली जातो. तलावाचा तळ कसा आहे, हे मी विचारलंच नाही.

रविवारी सकाळी ट्रायल ठेवली. काठावर मेंढ्या राखणारे भागुजीबाबा होडीवरही लक्ष ठेवायचे. त्यांनी तो नांगर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

“सायेब, कुठं टाकणार ह्यो?”

मी पश्चिमेचा आडोसा दाखवला.

“तिथं नगा टाकू. पाण्याखाली बाभळीचे लई खुंट हायेत. उन्हाळ्यात पाणी वसरलं की मी तिथंच मेंढरं चारतो.”

“बाबा, हा अडकण्यासाठीच बनवलाय.”

“अडकंल व्हय. पण निघंल का?”

मी हसलो आणि होडीत चढलो.

पहिला तास झकास गेला. होडी जागची हलेना. चाचांनी दोनदा “वा” म्हटलं. मग वारा वाढला, पाण्यावर लाटा उठल्या. परतायचं ठरलं. मी मागचा नांगर ओढायला लागलो. तो येईना. तेवढ्यात सलीमभाईंनी घाईघाईनं पुढचा नांगर वर घेतला.

“थांबा!” मी ओरडलो, पण उशीर झाला होता.

होडी वाऱ्याबरोबर वाहिली आणि मागच्या दोरीला ताण बसून उलटी फिरली. आता मागची बाजू वाऱ्याकडं. पुढचं टोक उंच आणि निमुळतं असतं, लाट कापतं. मागची बाजू सपाट, ठेंगणी, वर इंजिनचं वजन. म्हणून कुठलीही होडी नुसत्या मागच्या नांगरावर कधी उभी करायची नसते. पहिली लाट आत आली. सलीमभाई माझ्या मदतीला मागं धावले, त्यांच्या वजनानं होडी आणखी दबली. दुसरी लाट आली. पाणी चाचांच्या घोट्यापर्यंत. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर होती, पण खुर्चीतून उठता न येणाऱ्या माणसाला जॅकेटचा भरवसा किती?

मी अजून ओढतच होतो. नवा नांगर होता.

चाचा शांतपणे म्हणाले, “अरे, रस्सी काटो ना. लोहा अपना रिश्तेदार है क्या?”

मी चाकू काढला आणि दोरी कापली. होडी एकदम उचलली गेली. इंजिन चालू करून मी टोक वाऱ्याकडं वळवलं. सलीमभाई डब्यानं पाणी उपसत होते.

धक्क्याला लागल्यावर ते म्हणाले, “साहेब, आप तो एक्सपर्ट थे ना?”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

मग मी भागुजीबाबांशेजारी खाली बसलो आणि वही काढली. त्यांनी काठीनं मातीत अख्खा तळ काढून दाखवला. इथं खुंट, इथं मुरूम, इथं पडकी विहीर. पूर्वेला जुनी शेतं, गुडघाभर काळा गाळ.

गाळासाठी मी फ्लूक अँकर आणला. त्याला दोन चपटी पाती असतात, ओढलं की फाळासारखी मातीत घुसतात. चार किलोचा पुरेसा झाला. दोरीआधी दोन मीटर साखळी जोडली, म्हणजे ओढ आडवी बसते आणि पाती उपटत नाहीत. नांगराच्या डोक्याला दुसरी दोरी आणि तरंगता डबा बांधला, अडकलाच तर उलट्या बाजूनं खेचायला. होडीच्या आतल्या बाजूला रंगानं लिहिलं: पुढचा आधी टाका, सर्वांत शेवटी काढा.

दुसऱ्या ट्रायलला पूर्वेकडं गेलो. वारा पहिल्यासारखाच होता. होडी दोन तास जागेवर राहिली आणि मागचा नांगर एका हातानं निघाला. चाचांना एक मरळ मासा मिळाला. तो त्यांनी भागुजीबाबांना दिला.

माझ्या जॉब कार्डवर पूर्वी पहिला रकाना होडीच्या लांबीचा असायचा. आता पहिला रकाना आहे, ‘तळ पाहिलेला माणूस कोण?’ तो भरल्याशिवाय मी कॅटलॉग उघडत नाही.