डावीकडं वढणारं स्टिअरिंग

आधीच सांगून ठेवतो, हसायचं न्हाई. ज्याला हसायचं असंल त्यानं आपला चहा संपवावा आन् उठावं. कारण मी आजही म्हणतो, चूक माजी नव्हतीच! बरं, व्हती. पण असली चूक करायला माणूस आपल्या कामात पक्का लागतो. ऐऱ्यागैऱ्याला जमायची न्हाई ती.

तुमाला ठाऊकच हाय, नारायणगावात हायवेला माजं व्हील अलाइनमेंटचं दुकान. पारगावच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या ट्रका, मार्केटला टोमॅटो नेणारे पिकअप, डॉक्टर लोकांच्या गाड्या, सगळ्यांची चाकं माज्या हाताखालनं गेलेली. मशीन हाय दुकानात, पण मशीनचा नंबर दुसरा. आधी गाडी घ्यायची, खोडद रोडच्या सरळ पट्ट्यावर काढायची, वेग धरला की स्टिअरिंगवरनं दोन्ही हात सोडायचे. डावीकडं वढती का उजवीकडं, ते गाडीच सांगती. हात सोडून बघितल्याबिगर मी कुठल्या गाडीवर विश्वास ठेवत न्हाई.

तर आमची ऋतुजा. पुण्याला इंजिनिअरिंगला हाय. ही पोरगी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळती. खेळती म्हंजे बटणं न्हाई दाबत. म्होरं खरं स्टिअरिंग, पायाखाली खरे पेडल, गाडी आन् रस्ता तेवढा पडद्यात. मैत्रिणीकडं ते सगळं यंत्र व्हतं, तिथं जाऊन खेळायची. खेळता खेळता कॉलेज-कॉलेजच्या शर्यतीत फायनलला पोचली की! पण मैत्रीणसुद्धा फायनलला. मग तिचं यंत्र हिला कोण देणार?

फोन आला. "पप्पा, पुढच्या रविवारी फायनल आहे. तोवर घरी तसं यंत्र, म्हणजे रिग, लावून द्याल का? आठवडाभर सुट्टी टाकून येते, सराव करते. नाही जमलं तर नाव काढून घेते."

नाव काढून घेती? अलाइनमेंटवाल्याची पोरगी, आन् स्टिअरिंग न्हाई म्हणून नाव काढून घेती? आमाला काय तोंड हाय का न्हाई गावात?

"तू फक्त येऊन बस," म्हणलं. "बाकी बाप बघंल."

पुण्याच्या एका दुकानात फोन लावला. निखिल नावाचा पोरगा. लई मऊ बोलणारा.

"काका, स्टिअरिंग बेल्टवालं देऊ की डायरेक्ट मोटरवालं?"

"बेल्ट पिठाच्या गिरणीला असतो. डायरेक्ट दे."

"ब्रेक पेडल साधं की लोड सेलचं? लोड सेलला तुम्ही किती जोरानं दाबता त्यावर ब्रेक लागतो."

"ब्रेक जोरानंच मारत्यात, बाळा. ते दे."

"आणि स्टँड?"

इथं माजं डोकं फिरलं. लोखंडी स्टँड मी विकत घेऊ? दुकानात वेल्डिंग मशीन धूळ खात पडलंय आन् मी चार अँगलचे तुकडे पुण्यावनं मागवू? "स्टँड आमी करतो," म्हणलं आन् फोन ठेवला.

आता एक सांगतो, पण बाहेर जाऊ देऊ नका. माल आल्यावर पयल्यांदा मी टेबलाला स्टिअरिंग लावलं आन् दुकानातली चाकाची खुर्ची घेतली. ब्रेक दाबला. पेडल जागच्या जागी राहिलं, मी मात्र थेट मागच्या कपाटावर! ऋतुजाची आई, आमची सुनंदा, सैपाकघरातनं वरडली, "काय फुटलं?" म्हणलं, काय न्हाई, ब्रेक चांगला लागतोय.

मग भंगारातल्या एका कारची सीट आणली, अँगल कापले, स्टँड वेल्ड केला. नटबोल्ट शेजारच्या कांतिलालशेठकडनं. राजस्थानी जैन माणूस, पण तीन पिढ्या हितंच हार्डवेअरचं दुकान, मराठी आमच्यापरीस चोख. स्टँड बघून म्हणले, "दत्ताभाऊ, याला बैल जुंपले तरी हलायचा नाही." तेवढं एकच चांगलं वाक्य मला या सगळ्या प्रकरणात मिळालं.

जोडणी झाली. ऋतुजाचा कॉम्प्युटर घरी व्हताच. खेळ चालू केला. पयली जी लाल गाडी दिसली ती घेतली, पयला जो रस्ता आला तो घेतला. मला काय शर्यत खेळायची व्हती? मला माल तपासायचा व्हता. पट्टा तर असा झकास सरळ, की खोडद रोडनं लाजावं. वेग धरला. हात सोडले.

गाडी डावीकडं!

पुन्हा पयल्यापासनं. वेग. हात सोडले. डावीकडं! भिंतीवर धाडकन! अरे, नवीन माल हाय का चेष्टा? फोन लावला.

"निखिल, तुजं स्टिअरिंग डावीकडं वढतंय."

"काका, सेंटर सेट केलंत?"

"केलं."

"मग कोणती गाडी घेतलीत? आणि ट्रॅक..."

"अरे गाडीचा काय संबंध? मला शिकवतो का? केस पिकले माजे चाकं सरळ करण्यात!"

"तसं नाही काका, पण गाडी..."

"पीस बदलून दे!"

दिला बदलून बिचाऱ्यानं. आता बिचारा म्हणतोय, तवा काय काय म्हणलो ते सांगत न्हाई. तिकडनं ऋतुजाचा फोन, "पप्पा, येऊ का? सराव राहतोय." म्हणलं, थांब, पीस खराब निघालाय, हितं येऊन काय करशील? ती बिचारी थांबली.

दुसरा पीस आला. लावला. तीच लाल गाडी, तोच पट्टा. हात सोडले. डावीकडं! म्हणलं, सगळा लॉटच खराब. कंपनीत कुणी हात सोडून बघतच न्हाई का?

सुनंदा दारात उभी. म्हणाली, "दोन्ही एकीकडंच जात्यात, तर मग खोट त्या दोघांत नसंल."

"मग कुणात हाय?"

"मी काय बोलले का?"

पण त्यावनं माज्या डोक्यात आलं. जमीन! गाडी वढत नसंल, तर रस्ता वढत असतो. हे तर मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. पाण्याची नळी आणली, फरशीची लेव्हल काढली. आन् बघतो तर काय, खोलीचा उतार मोरीकडं. मोरी कुणीकडं? डावीकडं! म्हणलं, सापडला चोर. सीटच्या डाव्या अंगाला खाली लाकडी फळकुटं सारली आन् सगळा स्टँड उजवीकडं कलता केला.

सुनंदा म्हणाली, "अहो, कॉम्प्युटरातल्या गाडीला काय म्हाईत, आपली मोरी कुणीकडं हाय ते?"

"तुला यातलं कळत न्हाई."

खरं सांगू? यातलं मलाही कळत नव्हतं. बसलो. मी सीटवरनं उजवीकडं घसरतोय, गाडी पडद्यात डावीकडं घसरतीय. आमच्या दोघांची दिशा काय जुळंना. तिकडं ऋतुजाचा रोज फोन, आन् मी रोज "आणखी एक दिवस थांब." तो एक दिवस करत करत शुक्रवार उजाडला.

मग मात्र माजा तोल गेला. "निखिल, उद्या पोरगी येती. परवा फायनल. तुज्या खराब मालापायी तिचं नाव कटलं, तर तुज्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसंन!"

"काका, मी स्वतः येतो. नवा पीस तपासून घेऊन येतो. पण प्लीज, एवढंच सांगा, तुम्ही गाडी कोण..."

ठेवला फोन. परत गाडी! ह्या पोराला गाडीबिगर दुसरं काय सुचत न्हाई, म्हणलं.

आता विचार करा, चोर आपल्या पायानं आपल्या दारात येतोय, तर त्याला एकट्यात गाठायचं का? मी कांतिलालशेठला बोलावलं. दुकानावर थांबलेले दोन-तीन पिकअपवाले व्हते, त्यांनाही म्हणलं, चला, तुमाला गंमत दाखवतो. शनिवारी निखिल मोटारसायकलवर आला, मागं खोकं बांधलेलं, तोंडावर हायवेची सगळी धूळ. त्याच्या मागोमाग यष्टीतनं उतरून ऋतुजा.

"पप्पा, लागलं का सगळं?"

"लागतंय. तू फक्त बघ."

तिसरा पीस मीच लावला. निखिलला हात लावू दिला न्हाई. सगळ्यांना पडद्यापुढं उभं केलं आन् भाषण ठोकलं: आपल्याला खेड्यातली माणसं म्हणून कायबी गळ्यात मारत्यात, पण हातात कला असली की माणूस फसत न्हाई, वगैरे. निखिल घाम पुसत व्हता. मनात म्हणलं, आता कसा सापडला!

लाल गाडी घेतली. पट्ट्यावर वेग धरला. दोन्ही हात वर केले, आरतीला उभा राहिल्यासारखे.

गाडी डावीकडं. धाडकन.

"वढती राव!" एक पिकअपवाला म्हणला. "साफ वढती!"

"बघितलं?" मी निखिलकडं वळलो. "आता बोल!"

तो बोलायच्या आत ऋतुजा बोलली. "पप्पा, पुढचं वळण घेऊन दाखवा ना."

"वळणाचा काय संबंध?"

"आठवडाभर तुम्ही वळणापर्यंत गेलाच नाहीत?"

"कशाला जाऊ? अलाइनमेंट सरळ रस्त्यावर बघत्यात!"

"घ्या तर खरं."

घेतलं. वळण आलं, डावीकडचं. थोडं सरळ. पुन्हा वळण, डावीकडचं. थोडं सरळ. पुन्हा डावीकडचं. मी आपला फिरवतोय. पिकअपवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं.

कांतिलालशेठ हळूच म्हणले, "दत्ताभाऊ, उजवं वळण कधी यायचं?"

"यायचंच नाही, काका," ऋतुजा म्हणाली. "हा गोल ट्रॅक आहे. इथं सगळी वळणं डावीकडंच. म्हणून ही गाडी मुद्दाम डावीकडं ओढेल अशीच अलाइन केलेली असते. रस्त्याचा उतारसुद्धा तिकडंच आहे."

मुद्दाम! तुमी सांगा, मुद्दाम? माज्याकडं कुणी गाडी आणली आन् म्हणला, भाऊ, हिला जरा डावीकडं वढंल अशी करून द्या, तर मी त्याला पाना फेकून मारीन! आन् हितं कुणीतरी साहेब बसून, मोजून मापून, नवीकोरी गाडी वाकडी करतो, आन् वर ती यादीत सगळ्यात म्होरं ठेवतो!

"काका," निखिल म्हणाला, "मी तेच विचारत होतो. कोणती गाडी."

एवढं मऊ विचारत्यात व्हय? धंद्यात माणसानं वरडायला शिकावं! मी फोन ठेवला तरी ऐकू आलं पायजे, असं वरडायचं!

ऋतुजानं मला उठवलं. स्वतःची फायनलची गाडी घेतली, स्वतःचा ट्रॅक घेतला. सरळ पट्ट्यावर माज्यासाठी मुद्दाम हात सोडले. गाडी सुतासारखी सरळ. म्हंजे पयला पीस चांगला, दुसरा चांगला, तिसराही चांगला. मग ती जरा सावरून बसली, पुन्हा सावरून बसली.

"पप्पा, मी अशी उजवीकडं का घसरतेय?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागलो. सुनंदा म्होरं आली. वाकली, सीटखालनं एकेक फळकूट वढून काढलं आन् सगळ्यांच्या म्होरं फरशीवर मांडलं. निखिलनं ती फळकुटं बघितली, माज्याकडं बघितलं, आन् चहाच्या कपात तोंड घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं न्हाई.

पण मला खरं लागलं ते येगळंच. पोरगी लगेच सरावाला बसली, जेवायला उठंना. तिचा अख्खा आठवडा मी खाल्ला व्हता, आन् ती त्याबद्दल चकार शब्द बोलली न्हाई. लई वाईट वाटलं, राव. दार लोटलं आन् दुकानात जाऊन उगंच पाने पुसत बसलो.

रविवारी बोलावलं नव्हतं तरी सगळे आले. पिकअपवाले आणखी दोघांना घेऊन आले. मला दारात उभं केलेलं, कशालाही हात लावायचा न्हाई असा हुकूम. शर्यत चालू झाली. काय गाडी मारली पोरीनं! ब्रेकवर असा पाय द्यायची, पण माजा स्टँड इंचभर सरकला न्हाई. पाचवी व्हती ती चौथी, चौथीची तिसरी, शेवटच्या फेरीला दुसरी. म्होरं फक्त ती मैत्रीण. वळणाला चाक भिडवलं, पण थोडक्यात गेलं. दुसरी आली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण आठवडाभर सराव झाला असता तर ती पयली असती, हे मला कळत व्हतं, तिला कळत व्हतं, आन् सुनंदाच्या नजरेला तर लईच कळत व्हतं.

मग पडद्यावर शर्यतीचा निवेदक आला. दुसऱ्या नंबराची मुलाखत. सगळी कॉलेजं ऐकतायत. मी जरा केस नीट केले, म्हणलं आता बापाचं नाव निघंल. निघालं की!

"ऋतुजा, तयारीत सगळ्यात अवघड काय गेलं?"

"पप्पांना पहिल्या वळणापर्यंत आणणं."

"अरे वा!" निवेदक खूश. "म्हणजे वडीलही रेसर आहेत?"

"नाही हो," आमची लेक म्हणाली. "ते फक्त सरळ चालवतात."