पन्नीखालचा वारा

झुंबरबाईचं अर्धं आयुष्य विहिरींवर गेलं. परतूरच्या आसपास कुठं विहीर खोदायची असली की ती खाली उतरून मुरूम पाट्यांत भरायची. पुढं बोअर आले, विहिरी थांबल्या, आणि ती वसंतासोबत शेततळ्यात प्लास्टिकची पन्नी अंथरायला जाऊ लागली. वसंता तरुण ठेकेदार. तिला मावशी म्हणायचा, पण कामातलं काही विचारायचा नाही.

२००७ साली त्यांनी रामकिसनच्या मोसंबीच्या बागेत, नाल्याकाठी तळं केलं. पावसाळ्यात ते अर्धं भरलं आणि मधोमध पन्नी फुगून पाण्याच्या वर आली, चांगली बैलगाडीएवढी. रामकिसनने बोलावल्यावर वसंता आला तो सुरी घेऊनच.

"एक चीर देतो. हवा निघून जाईल."

"आन् पाणी? तेबी त्याच चिरीतून जाईल," झुंबरबाई म्हणाली. "ठेव ती सुरी."

"मंग हवा आली कुठून? पन्नी तर बराबर अंथरली व्हती."

नाला दुथडी वाहत होता. ती तिकडं बघत म्हणाली, "विहिरीत झरा चढाया लागला की मुरमातून वारा निघायचा. माझ्या पायाला लागायचा. आताबी खालून पाणी चढून राह्यलं. वर पन्नी. वाऱ्यानं जावं कुठं?"

वसंतानं सुरी खाली ठेवली. रामकिसननेच विचारलं, "मंग करायचं काय, बाई?"

इतक्या वर्षांत काठावर उभं राहून काम सांगणाऱ्या कुणी तिला असं विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यापर्यंत थांबायचं ठरलं. पाणी झाडांना देऊन वैशाखात तळं रिकामं झालं. पन्नी काढून तिनं तळाला मधून कडेकडं हलका चढ करायला लावला, म्हणजे वारा आपसूक वर सरकेल. त्यावर वाळू, वाळूत भोकं पाडलेले पाइप. पाइपांची तोंडं बांधावर काढून खाली वाकवली, पाऊस आत शिरू नये म्हणून. मग वर पुन्हा पन्नी.

पुढच्या पावसात पन्नी सपाट राहिली. एकच कोपरा थोडा फुगला, तेवढ्यानंही रामकिसन घाबरला. झुंबरबाईनं बांधावर जाऊन पाहिलं, तर पाइपाच्या तोंडात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर केलेलं. तिनं ते काडीनं उकरलं. थंड वारा बोटांवर आला, ओल्या मुरमाचा वास घेऊन. विहिरीवरच्या सोबतिणी आठवल्या. ती बराच वेळ हात तिथंच धरून बसली.

त्यानंतर नव्या तळ्याची जागा बघायला निघताना वसंता आधी तिच्या घरी यायचा. खालून पाणी चढेल अशी जागा दिसली की ती "इथं नको" म्हणायची, आणि तो ऐकायचा.